घरात रुग्ण सांभाळणाऱ्याने सुट्टी कशी घ्यायची?

जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत एक प्रश्न आला. म्हाताऱ्या आईवडिलांच्या सेवेसाठी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा मिळते का? सरकारचं उत्तर पुढे बरेच दिवस मोबाइलवर फिरत राहिलं. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी रजा, ८ दिवस नैमित्तिक रजा आणि २ ऐच्छिक सुट्ट्या मिळतात. त्या कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात, आईवडिलांच्या सेवेसाठीसुद्धा. अनेकांनी ही नवी रजा समजून एकमेकांचं अभिनंदन केलं. प्रत्यक्षात त्या पूर्वीपासूनच्याच रजा आहेत.

या चर्चेत एक माणूस कुठेच नव्हता. घरात चार वर्षं अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, त्यांचं खाणंपिणं, औषधं, डायपर, रात्रीची उठबस एकटी सून बघते. तिला रजा कोण देणार? तिचा अर्ज घेणारं कार्यालय नाही आणि तिच्या जागी बदली पाठवणारा साहेबही नाही. बायकोची स्मृती गेल्यामुळे तिला क्षणभरही एकटं सोडू न शकणाऱ्या सत्तरीतल्या नवऱ्याची स्थिती हीच. मतिमंद मुलाला तीस वर्षं सांभाळणाऱ्या आईचीही हीच. त्यांची सुट्टी घरानेच ठरवून द्यावी लागते. ती कशी ठरवायची, कुणाच्या हाती काय सोपवायचं आणि ती फसते तेव्हा का फसते, ते इथे क्रमाने पाहू.

विसावा म्हणजे नेमकं काय

वैद्यकीय भाषेत याला रेस्पाइट केअर म्हणतात. या लेखात आपण विसावा म्हणू. रुग्णाची रोजची सेवा ठरावीक काळासाठी दुसऱ्या सक्षम माणसाकडे किंवा संस्थेकडे पूर्णपणे सोपवायची आणि त्या काळात नेहमीच्या माणसाने खरोखर मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा अर्थ. तारीख आणि वेळ आधी ठरलेली हवी. सोपवलेलं काम पूर्ण सोपवलेलं हवं. आणि ही गोष्ट वर्षातून एकदा उपकार म्हणून न होता ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

सासरे दुपारी झोपले की सून टीव्हीसमोर बसते, तो विसावा नाही. तिचे कान त्यांच्या खोलीकडेच असतात. नणंद दोन तास येऊन बसली, पण दर पंधरा मिनिटांनी "वहिनी, हे कुठे ठेवलंय?" असा फोन आला, तर तोही नाही.

थकवा नेमका कशाचा येतो

रुग्णाला स्वतः हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. एकाच जागी भार राहिला की हाडाजवळच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि माकडहाड, टाच, कंबरेच्या बाजूचं हाड इथे जखम होते. ही झाली रुग्णाची बाजू. आता तेच वेळापत्रक सेवा करणाऱ्याच्या बाजूने वाचा: रात्री दहा, बारा, दोन, चार. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं. दर दोन तासांनी उठणाऱ्याला अंथरुणात आठ तास मिळाले तरी सलग झोप मिळतच नाही. काही महिन्यांनी विसराळूपणा, चिडचिड आणि वाढलेला रक्तदाब दिसू लागतो तो इथून.

दुसरं कारण पाठीचं. साठ किलोच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवताना सगळा भार कंबरेवर घेतला जातो, आणि तेही दिवसातून चार-पाच वेळा. तिसरं कारण कुणाला दिसत नाही, ते म्हणजे सतत जागं असलेलं लक्ष. आज लघवी कमी झाली का, गोळी गिळली की गालात धरून ठेवली, खोकला कालच्यापेक्षा ओला वाटतोय का. ही नोंद डोक्यात चोवीस तास चालू असते.

हे काम कुणाच्या वाट्याला येतं ते सरकारी आकडेच सांगतात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात वेळ घालवतात आणि त्यांचे दिवसाला सरासरी १४० मिनिटं त्यात जातात. पुरुषांचं प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. यात लहान मुलं आणि आजारी-वृद्ध दोन्ही आले. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तिथला आकडा या सरासरीच्या कितीतरी वर असतो.

अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, सेवेची जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्के जास्त निघालं. त्याच अभ्यासात सेवा करणारे पण ताण न जाणवणारे लोकही होते. त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ या दुसऱ्या निष्कर्षात आहे. सेवा माणसाला मारत नाही, न ओसरणारा ताण मारतो. आणि ताण कमी करता येतो.

तो मोजायची पद्धतही आहे. झारिट नावाच्या प्रश्नावलीत २२ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, रुग्णाजवळ असताना राग येतो का, तब्येत बिघडली आहे का, अशा धर्तीचे. समुपदेशक ती भरून घेतात. घरच्या घरी मात्र चार खुणा पुरतात: सकाळची गोळी दिली की नाही हे आठवत नाही, स्वतःची बीपीची गोळी घ्यायची राहते, रुग्णावर हात उगारावासा वाटतो किंवा ओरडणं आवरत नाही, आणि दाराची बेल वाजली तरी नकोसं होतं. यातल्या दोन जरी लागू पडत असतील तर विसाव्याची तारीख याच महिन्यातली हवी.

किती विसावा पुरतो?

उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर कशी चालवतात ते आठवा. दोन तास उपसा झाला की बंद ठेवतात, झरे पाझरून पाणी वर येऊ देतात, मग पुन्हा चालवतात. तशीच रेटली तर मोटर कोरडी फिरते आणि जळते. तासाभराच्या विश्रांतीत वीतभर पाणी चढतं, पूर्ण विहीर भरायला रात्र जावी लागते. सेवा करणाऱ्या माणसालाही छोटा आणि मोठा, दोन्ही विसावे लागतात. एकाची भर दुसऱ्याने होत नाही.

व्यवहारात असं बसवता येतं: आठवड्यातून दोनदा तीन ते चार तास घराबाहेर, आठवड्यातून निदान एक रात्र सलग सात तासांची झोप (त्या रात्री दुसरं कुणीतरी उठेल), आणि दर तीन-चार महिन्यांनी पाच ते सात दिवसांची पूर्ण सुट्टी. पूर्ण सुट्टी पाच दिवसांपेक्षा लहान ठेवू नका. पहिले दोन दिवस झोप भरून काढण्यात आणि घरच्या काळजीत जातात, मन तिसऱ्या दिवशी सुटतं. दोन दिवसांनी परतणारा माणूस बहुतेकदा गेला होता त्यापेक्षा दमलेला येतो आणि "सुट्टीने काही होत नाही" असं ठरवून बसतो.

कुणाच्या हाती सोपवायचं

घरचं दुसरं माणूस असेल तर उत्तम, पण त्याला शिकवावं लागतं. शिकवणीबद्दल पुढे येईलच.

रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मावशी किंवा मामा (स्त्री किंवा पुरुष सेवक) मागवणं हा शहरांतला आणि आता तालुक्याच्या गावांतलाही नेहमीचा मार्ग. इथे सगळ्यात मोठा गैरसमज 'चोवीस तासांची मावशी' या शब्दांत आहे. ती चोवीस तास घरात राहते, चोवीस तास जागी राहत नाही. तिला सहा-आठ तास झोप लागणारच. रुग्णाला रात्री दर दोन तासांनी हलवायचं असेल किंवा तो रात्री उठून दाराकडे जात असेल, तर बारा-बारा तासांच्या दोघी हव्यात. हे न कळल्यामुळे तिसऱ्या रात्री मावशी गाढ झोपते, रुग्ण ओल्यात पडून राहतो, आणि सकाळी भांडण होऊन ती बॅग उचलते.

दुसरा गोंधळ केअरटेकर आणि नर्स यांच्यात होतो. केअरटेकरचं काम आंघोळ, स्पंजिंग, डायपर, भरवणं, कूस बदलणं, चालताना आधार देणं, वेळेवर गोळ्या देणं. इंजेक्शन, नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) ही कामं एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम शिकलेल्या नर्सची. पैसे वाचवायला केअरटेकरकडून नर्सचं काम करून घेऊ नका. ब्यूरोशी बोलताना हे विचारा: खाडा झाला तर बदली किती तासांत मिळेल, कमिशन एकदाच की दर महिन्याला, जेवणखाण कुणाचं, पोलिस पडताळणी झाली आहे का, याआधी असाच रुग्ण सांभाळला आहे का. घरातले दागिने, रोकड, एटीएम कार्ड कुलपात ठेवा. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, उद्या काही हरवलं तर तिच्यावर विनाकारण आळ येणार नाही. मावशीला जेवायला ठरलेला तास आणि झोपायला स्वच्छ जागा द्या. ती टिकते ती यावर.

डे केअर म्हणजे सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. स्मृतिभ्रंश झालेल्या पण चालत्याफिरत्या माणसासाठी हे चांगलं. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या मानाने अशी केंद्रं फार कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्था या क्षेत्रात काम करतात. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ साली स्थापन झालेली संस्था कुटुंबांना मार्गदर्शन करते.

काही वृद्धाश्रम आणि नर्सिंग सेंटर आठवडा-पंधरा दिवसांसाठी रुग्ण ठेवून घेतात. पाहायला जाताना सांगून जाऊ नका, दुपारी चारच्या सुमाराला जा. जेवणाच्या वेळी सगळीकडे धावपळ दिसते आणि सकाळी सगळीकडे स्वच्छता दिसते, खरी स्थिती दुपारी कळते. खोलीत लघवीचा वास येतो का, रुग्णांच्या हाताशी पाणी आहे का, रात्री किती रुग्णांमागे एक माणूस असतो, एवढं बघा.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी मार्ग वेगळा आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची वेदना कमी करणारं सेवाकेंद्र), त्याची गोव्यातही शाखा आहे. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) केंद्र १९९७ पासून आहे. तिथे घरच्या माणसाला रुग्णाजवळ राहून सेवा शिकताही येते. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. या नावांची धास्ती वाटते हे खरं, पण वेदना आटोक्यात आणायला दाखल होऊन पुन्हा घरी परतणारेही रुग्ण असतात.

सगळं एकाच डोक्यात असतं, तिथे सुट्टी अडते

पैसा नाही, माणूस नाही, म्हणून विसावा मिळत नाही असं सगळे म्हणतात. हे बऱ्याच घरांत खरंही असतं. पण पैसा आणि माणूस दोन्ही असलेल्या घरांतही सुट्टी दुसऱ्याच दिवशी मोडते. कारण सेवेची सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि ती कधी कागदावर उतरलेलीच नसते. इस्पितळात ड्यूटी बदलताना सिस्टर पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देतात. घरात तोच लागतो. शंभर पानी वही घ्या आणि एका आठवड्यात, काम करता करता, लिहून काढा.

पहिल्या पानावर ओळख: नाव, वय, आजार, ॲलर्जी, वजन, डॉक्टरांचा फोन, १०८ क्रमांक, जवळचं इस्पितळ, विम्याचं कार्ड कुठे आहे. दुसऱ्या पानावर औषधं, पण नुसती नावं नकोत. वेळ, किती, जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर, आणि चुकली तर काय करायचं, हे हवं. उदाहरणार्थ: "सकाळी साडेसहा, थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास चहा नाही." किंवा: "पार्किन्सनची गोळी ८, १२, ४, ८ ला. जेवणाआधी अर्धा तास. उशीर चालत नाही." का चालत नाही तेही लिहा. ही गोळी अर्धा-पाऊण तास लांबली की अंग ताठरतं, पाऊल उचलत नाही, आणि संडासला नेताना पडायची भीती असते. कारण लिहिलं की नवखा माणूस ती वेळ पाळतो. इन्सुलिन असेल तर रुग्ण जेवला नाही तर डोस द्यायचा की नाही, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि साखर ७० च्या खाली असली, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

त्यापुढे अंगाची कामं. इथे बारीक लिहिलं तरच उपयोग. पक्षाघाताच्या एका रुग्णाचं पान असं असू शकतं: "डावी बाजू लुळी. उठवताना डावा हात कधीही ओढायचा नाही, खांदा निखळतो. आधी गुडघे दुमडून घ्या, मग खांदा आणि कंबर धरून उजव्या कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, मग बसतं करा. बसल्यावर एक मिनिट थांबा, चक्कर येते. कुशीवर ठेवताना पाठीमागे लांब उशी, दोन गुडघ्यांमध्ये छोटी उशी, आणि पोटरीखाली टॉवेलची गुंडाळी, टाच अधांतरी राहायला हवी." एअर बेड (पंपाने हवा भरणारी गादी) असली तरी कूस बदलावीच लागते, हे मोठ्या अक्षरांत लिहा. एअर बेड आणली की घर निश्चिंत होतं आणि जखम नेमकी तेव्हाच होते.

भरवण्याचं पान वेगळं ठेवा. आडवं ठेवून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. पाठ उभी, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. नाकातून नळी असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडिंगआधी नळीवरची खूण नाकपुडीशी आहे ना ते पाहायचं, डॉक्टरांनी सांगितलं तितकंच आणि सावकाश सोडायचं, शेवटी पाण्याने नळी धुवायची, त्यानंतर अर्धा ते एक तास आडवं करायचं नाही. खोकला सुरू झाला की लगेच थांबायचं. नळी निघाली तर घरी परत घालायचा प्रयत्न करायचा नाही. लघवीची पिशवी कायम कंबरेच्या खाली. चार तासांत पिशवीत काहीच आलं नाही, तर आधी नळी कुठे दुमडली आहे का ते बघायचं, नाहीतर डॉक्टरांना फोन.

शेवटचं पान माणसाचं. चहात साखर किती, कुठल्या बाजूने बोललं तर ऐकू येतं, आंघोळीला नाही म्हणाले तर वाद न घालता अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं, संध्याकाळी सहानंतर "घरी जायचंय" असा धोशा लावतात तेव्हा "हेच घर आहे" असं न सांगता गॅलरीत नेऊन बसवायचं, हरिपाठ लावला की शांत होतात. हे पान बहुतेकजण लिहीत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी मात्र ते औषधांच्या पानाइतकंच कामाचं आहे.

आधी तालीम

सुट्टीच्या दोन आठवडे आधी बदली माणसाला घरात आणा. पहिले दोन दिवस तो बघेल, तुम्ही कराल. पुढचे दोन दिवस तो करेल, तुम्ही बघाल. इथे तोंडाने सूचना न देता वहीकडे बोट दाखवा. जिथे त्याला विचारावं लागतं तिथे वही अपुरी आहे, लगेच भर घाला. मग चार तास बाहेर जा, नंतर एक पूर्ण दिवस, नंतर एक रात्र. रात्रीची तालीम न करता आठवडाभर जाऊ नका. सगळे अपघात रात्री साडेतीनला उघड होतात.

आठवड्याची औषधं दिवसवार डबीत भरून ठेवा, शिवाय तीन दिवसांची जास्तीची. डायपर, अंडरपॅड, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पुरतील त्यापेक्षा थोड्या जास्त. गॅस सिलिंडर आणि इन्व्हर्टर तपासा. वीज गेली की एअर बेडची हवा उतरते.

"ते दुसऱ्याच्या हातचं खातच नाहीत"

हे अगदी खरं असतं, पण पहिले दोन-तीन दिवसच. नेहमीचं माणूस दारातून दिसत असेल तोवर रुग्ण नव्या माणसाकडून घेत नाही, म्हणून तालमीच्या काळात जेवणाच्या वेळी घराबाहेर पडा. एक जेवण हुकलं तर घाबरू नका, मात्र मधुमेह असेल तर वर सांगितलेली काळजी घ्या. द्रव पदार्थही नाकारले आणि दिवसभर लघवी कमी झाली, तर डॉक्टरांना कळवा.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला जागा बदलली की त्रास होतो, हा आक्षेपही बरोबर आहे. म्हणून त्याच्यासाठी संस्थेपेक्षा घरीच बदली माणूस आणणं बरं. संस्थेत ठेवावंच लागलं तर त्याची गोधडी, उशी, देवाचा फोटो सोबत द्या, खिशात नाव आणि फोनची चिठ्ठी ठेवा. अचानक, एक-दोन दिवसांत गोंधळ खूप वाढला तर तो जागेचाच परिणाम समजू नका. लघवीचा संसर्ग, ताप, बद्धकोष्ठ यांनीही असं होतं.

"लोक काय म्हणतील?"

बाळंतपणाला, दिवाळीला, मंगळागौरीला मुलगी माहेरी येई तेव्हा तिने गोठ्यातल्या किंवा चुलीजवळच्या कामाला हात लावू नये असा दंडक होता. सासरचं काम त्या दिवसांत जाऊ-नणंद ओढत. माहेरपणाला कुणी स्वार्थ म्हटलं नाही. आज सेवा करणारी बाई पंचावन्न-साठची असते, माहेरी आई उरलेली नसते, म्हणून ती वाट बंद झाली आहे. ती पुन्हा उघडायला दीर, भाऊ, मुलं यांनी एकत्र बसायला हवं. "तुला काही मदत हवी का?" असं विचारू नका, थकलेला माणूस नाहीच म्हणतो. "डिसेंबरचा दुसरा आठवडा मी बघतो, मला वही दाखव" असं म्हणा.

परदेशात असलेल्या मुलांसाठी वेगळं. दिवाळीत तीन आठवड्यांसाठी ती येतात तेव्हा सेवा करणाऱ्या वहिनीचं काम कमी होण्याऐवजी वाढतं, रुग्णाच्या जोडीला पाहुणे येतात. येणाऱ्याने पहिल्या आठवड्यात काम शिकावं, दुसऱ्या आठवड्यात वहिनीला घराबाहेर पाठवावं. येणं जमत नसेल तर वर्षातल्या दोन सुट्ट्यांचा मावशीचा आणि प्रवासाचा खर्च आधीच वेगळा काढून पाठवावा. महिन्याच्या खर्चात मिसळलेले पैसे औषधांतच जातात.

पैसे कुठून येणार?

आरोग्य विम्यातून येणार नाहीत, हे आधीच समजून घ्या. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत पाचव्या क्रमांकाचा संकेत नेमका विश्रांती, पुनर्वसन आणि विसावा सेवेचा आहे. त्यात आंघोळ, कपडे, हालचाल यांसाठी घरी किंवा संस्थेत ठेवलेल्या माणसाचा खर्चही येतो. म्हणून मावशीचं बिल लावून दावा केला की तो फेटाळला जातो. जर्मनीत हाच खर्च सामाजिक काळजी विमा उचलतो. १ जुलै २०२५ पासून पर्यायी आणि अल्पकालीन सेवेसाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरोपर्यंतची तरतूद तिथे आहे. आपल्याकडे तशी मागणी करायला हवी, आणि जोरात करायला हवी.

सरकारी आधार थोडा आहे, पण आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निवासी सेवेची 'समर्थ-कम-घरौंदा' योजना आहे, आणि एक लाख रुपयांपर्यंतचा 'निरामय' आरोग्य विमा. आपल्या जिल्ह्यातल्या नोंदणीकृत संस्था कोणत्या, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे विचारा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे, वृद्धाश्रम आणि सेवा देणाऱ्या संस्थांची माहिती तिथे मिळते. सेवा करणाऱ्याचं मन खचलं असेल तर १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक दिवसरात्र मोफत बोलतात, मराठीतही.

खर्च बेताचा असेल तर दोन-तीन घरांनी मिळून ठरवता येतं. एकाच सोसायटीत किंवा वाडीत असे रुग्ण असतातच. एकमेकांच्या घरी आठवड्यातून तीन तास आळीपाळीने बसायचं, मात्र सगळ्यांनी एकमेकांची वही वाचलेली हवी.

सुट्टीत काय करायचं

बँक, रेशन कार्ड, मुलाच्या शाळेची कामं या दिवसांत काढू नका. पहिल्या दोन्ही रात्री लवकर झोपा, गजर लावू नका. स्वतःचा रक्तदाब, साखर, डोळे, दात यांची तपासणी एका सकाळी उरका. कित्येक जणी वर्षानुवर्षं ती टाळत आलेल्या असतात. मग बहिणीकडे जा, गावी जा, कोकणात जा, किंवा एखाद्या मैत्रिणीच्या घरी नुसत्या पडून राहा.

फोनचा नियम आधी ठरवा. रोज संध्याकाळी सातला एकच फोन, दहा मिनिटं. मधे फोन कशासाठी करायचा ते वहीत लिहिलेलं असावं: पडले, ताप १०१ च्या वर, श्वास लागला, रक्त दिसलं, शुद्ध हरपली. बाकी सगळं सातपर्यंत थांबू शकतं. व्हिडिओ कॉलवर रुग्णाला दाखवायचा आग्रह धरू नका. स्मृतिभ्रंशात त्याने रुग्ण अस्वस्थ होतो, आणि तुम्हीही होता.

अपराधी वाटेल. चौथ्या दिवशीसुद्धा वाटेल. त्यामुळे लवकर परतायची तिकिटं काढू नका.

परतल्यावर

पहिल्याच दिवशी सगळं ताब्यात घेऊ नका. बदली माणसाला आणखी एक दिवस ठेवा. आल्यावर माकडहाड, टाचा, कोपर बघा. लालसर डाग असेल तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा न होता तसाच राहिला तर जखमेची सुरुवात आहे, त्या जागेवरचा भार पूर्ण काढा आणि डॉक्टरांना दाखवा. औषधांच्या डबीत काय उरलं ते मोजा. काही चुकलं असेल तर आवाज चढवण्याआधी वही उघडा, बहुतेक वेळा ती गोष्ट लिहायचीच राहिलेली असते. मावशीने काही नवं शोधलं असेल, मसाज झाल्यावर ते जास्त जेवतात वगैरे, तर तेही वहीत घ्या. मग ती पैसे घेऊन निघण्यापूर्वी तिच्याशी पुढच्या सुट्टीची तारीख पक्की करा आणि थोडा ॲडव्हान्स देऊन ठेवा.